भिंगरी बोटीवर चालली

मेट्रनबाई निवृत्त झाल्या आणि आठवड्याच्या आत त्यांनी चार दिवसांच्या क्रूझची तिकिटं काढली. छत्तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढलेली बाई. स्वतःसाठी कधी चार तासांची चैन केली नव्हती, तिने एकदम चार दिवसांची केली म्हणून सगळे चाट पडले. तिकिटं चौघांची होती: त्या स्वतः, लेक, जावई आणि तेरा महिन्यांची नात. नातीचं कागदोपत्री नाव चांगलं लांबलचक होतं, पण रांगायला लागल्यापासून ती एका जागी ठरेनाशी झाली आणि तेव्हापासून घरात ती भिंगरी.

निघायला दहा दिवस उरले असताना लेकीच्या परीक्षेची तारीख पुढे गेली आणि नेमकी त्याच चार दिवसांत येऊन बसली. लेक औषधांच्या दुकानात काम करता करता फार्मसीची शेवटची परीक्षा देत होती. मेट्रनबाई म्हणाल्या, राहू दे, पुन्हा कधीतरी जाऊ. जावई मनातल्या मनात सुटलो म्हणाला. पण लेकीने पुस्तकातून डोकं वर न काढता निकाल दिला.

"तुम्ही दोघं भिंगरीला घेऊन जा. मला चार दिवस रिकामं घर द्या, पास होऊन दाखवते."

जावयाला सगळे मिस्त्री म्हणत, बायकोसुद्धा. लिफ्टचा मिस्त्री. वीस मजले खोल अंधाऱ्या खड्ड्यात दोरांच्या भरवशावर उतरताना त्याला कधी काही वाटलं नव्हतं, पण सासूबरोबर एका खोलीत चार दिवस म्हटल्यावर तोंडचं पाणी पळालं. लग्नाला चार वर्षं झाली तरी दोघांचं बोलणं 'प्रवास बरा झाला ना' आणि 'अजून थोडं वाढू का' यापलीकडे गेलं नव्हतं. त्या त्याला अहो-जाहो करत, तो त्यांना आई म्हणे. पण मनात त्या मेट्रनबाईच, कारण त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपली नखं कापलेली आहेत ना, हे एकदा बघून घ्यावंसं वाटे.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती, आणि ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. भिंगरीला त्याने एकट्याने कधी झोपवलं नव्हतं. सकाळी तो निघायचा तेव्हा ती झोपलेली आणि परत यायचा तेव्हा पुन्हा झोपलेली. रविवारी दोघं खेळत, पण भूक लागली, झोप आली, कुठे आपटलं, की तिला आईच लागे. बाप म्हणजे तिच्या दृष्टीने रविवारी येणारा एक मजेदार माणूस होता.

बोटीवरची केबिन बघून त्याने सवयीने माप घेतलं. साडेतीन पावलं लांब, अडीच रुंद. एक पलंग, त्याच्यावर भिंतीतून उघडणारा दुसरा, आणि उरलेल्या जागेत घडीचा पाळणा. पाळणा उघडला की बाथरूमचं दार अर्धंच उघडे. बाबागाडी तर दारातून आतच येईना. मेट्रनबाई गाडी बाहेरच ठेवायला निघाल्या, तेव्हा मिस्त्रीने खिशातला पेचकस काढून दोन मिनिटांत चाकं सुटी केली आणि गाडी पलंगाखाली सरकवली. त्यांनी पेचकसाकडे एकदा बघितलं. वरच्या पलंगावर कोण झोपणार यावर थोडी ओढाताण झाली, दोघंही वर जायला तयार. शेवटी तो वर चढला. छत नाकापासून वीतभर अंतरावर होतं. लिफ्टच्या टपावर आडवं पडून काम करणाऱ्याला त्याचं काय?

मेट्रनबाईंनी आरशावर वेळापत्रक चिकटवलं. सातला दूध, साडेनवाला मऊ भात आणि गाजर, साडेदहाला झोप. सगळं त्याच करणार होत्या. मिस्त्रीच्या वाट्याला आली ती पिशव्या उचलायची आणि 'जरा तो रुमाल द्या' ऐकून रुमाल द्यायची हमाली. बोट सुटण्याआधी सगळ्यांना डेकवर बोलावून जीवरक्षक जाकिटं घालायला लावली. भिंगरीला मिळालं ते लहानात लहान जाकीटही तिच्या नाकापर्यंत आलं आणि ती भोपळ्यातून डोकावणाऱ्या मांजरासारखी दिसायला लागली. मेट्रनबाईंनी त्या अवस्थेतही तिचं नाक पुसलं.

मग पोहण्याच्या तलावाशी गेले, तर तिथे पाटी. डायपर वापरणाऱ्या मुलांना पाण्यात मनाई. भिंगरी पाणी बघून दोन्ही हात पुढे करून ओरडत होती. मिस्त्रीला वाटलं, सासूबाई आता पहारेकऱ्याची खरडपट्टी काढतील. पण त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मी असते तर हीच पाटी लावली असती." आणि नात खांद्यावर टाकून चालू पडल्या.

केबिनमध्ये परतले तर पलंगावर टॉवेलच्या घड्या घालून बनवलेला पांढरा हत्ती बसलेला. केबिन आवरणाऱ्या माणसाने मोठ्या हौसेने लहान मुलीसाठी केला होता. भिंगरीने तो पाहिला आणि अशी किंकाळी फोडली की शेजारच्या केबिनचं दार उघडलं. तो बिचारा धावत आला, हत्ती उचलून पाठीमागे लपवला आणि दहा वेळा माफी मागून गेला. उंच, सडपातळ, चाळिशीचा माणूस होता. जाताना मात्र दारातून भिंगरीला हळूच डोळे मिचकावून गेला आणि ती रडता रडता थांबली.

साडेदहाची झोप त्या दिवशी आलीच नाही. दुपारची दोनचीही नाही. नवी जागा, आई नाही, जमीन थरथरतेय, भिंगरीने रडून रडून आवाज बसवून घेतला. मेट्रनबाईंनी थोपटलं, गाणी म्हटली, वॉर्डात हमखास लागू पडणाऱ्या सगळ्या युक्त्या करून बघितल्या. शेवटी पाणी प्यायला त्या जरा टेकल्या, तेव्हा मिस्त्रीने भीत भीत विचारलं, मी हिला एक चक्कर मारून आणू का? त्यांनी मूल दिलं, पण वेळापत्रकावरून एक नजर फिरवूनच.

त्याला जायला दुसरं ठाऊक काय असणार? तो लिफ्टशी गेला. दार मिटलं, मोटारीचा हलका हुंकार सुरू झाला, पायाखालून जरासं उचलल्यासारखं झालं आणि भिंगरी गप्प. बाराव्या डेकवर टिंग वाजलं तेव्हा तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. खाली येताना डोळे अर्धे मिटलेले. चौथ्या फेरीला ती झोपली. तरीही तो आणखी सहा फेऱ्या नुसता उभा राहिला. तिच्या श्वासाने त्याच्या शर्टाची कॉलर ओली झाली होती. आत येणारी माणसं त्याला कितवा मजला विचारत आणि तो मान हलवून 'तुमचा होऊ द्या' म्हणे.

"लिफ्ट म्हणजे काय पाळणा आहे?" मेट्रनबाई म्हणाल्या. पण मूल झोपलं होतं, त्यामुळे त्यांनी पुढे वाढवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र खवळला. फार नाही, पण बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळावं तशी वळायला लागली. पेले टेबलावरून घसरू लागले. नाश्त्याच्या दालनात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या. मिस्त्री लोंबकळत्या कामाला सरावलेला, त्याला काही झालं नाही. भिंगरीला तर ही आपल्यासाठीच काढलेली गंमत वाटली. आणि मेट्रनबाईंना, ज्यांनी छत्तीस वर्षांत आजारपणाची रजा घेतली नव्हती, त्यांना बोट लागली.

आधी त्यांनी मान्यच केलं नाही. केबिनमध्ये भिंगरीला भात भरवताना चमचा तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, मला जरा बाथरूमला जायचंय. त्या गेल्या, पण पाळण्यामुळे दार अर्धंच उघडलं आणि व्हायचं ते दारातच झालं.

मिस्त्रीने भिंगरीला पाळण्यात टाकलं आणि टॉवेल घेऊन फरशी पुसायला बसला. मेट्रनबाई भिंतीला धरून उभ्या, चेहरा कागदासारखा पांढरा. अहो राहू द्या, अहो तुम्ही नका, मी करते, असं त्या पुटपुटत होत्या. जावयाने सासूची ओकारी काढायची म्हणजे त्यांना भूमीत शिरावंसं वाटलं असणार, आणि इथे तर भूमीही नव्हती. त्याने फरशी पुसली, त्यांना धरून पलंगावर निजवलं, ओला रुमाल कपाळावर ठेवला, बादली उशाशी आणली. केबिन आवरणाऱ्याने कुठूनतरी आल्याचे तुकडे आणि कोरडी बिस्किटं आणून दिली आणि डोळे मिटून ठेवा, म्हणजे बरं वाटेल, असं सांगून गेला.

साडेदहा वाजले. भिंगरी डोळे चोळायला लागली. मिस्त्री तिला घेऊन लिफ्टशी गेला, तर लिफ्ट बंद. बोट हलत असताना लिफ्ट चालवत नाहीत. तो असता तर त्यानेही चालवली नसती. भिंगरीने बंद दाराकडे बोट दाखवलं आणि ओठ काढला.

आता काय करावं? तो जिन्याकडे वळला. एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने लेक छातीशी, आणि चढायला लागला. चढताना त्याने घशातून लिफ्टसारखा हुंकार काढायला सुरुवात केली. प्रत्येक डेकला क्षणभर थांबून तो हळूच म्हणे, "टिंग." बाराव्या डेकपर्यंत वर, पुन्हा खाली. दोन म्हाताऱ्या बायका जिन्यात बसल्या होत्या, त्या पहिल्यांदा चपापल्या. तिसऱ्या फेरीला त्याच 'टिंग' म्हणायला लागल्या. चौथ्या फेरीला मिस्त्रीच्या मांड्या भरून आल्या आणि शर्टाला घाम सुटला. पाचव्या फेरीला सातव्या डेकवर भिंगरी झोपली.

तिला पाळण्यात ठेवून तो मेट्रनबाईंची बादली बदलायला वाकला. त्या जाग्या होत्या. त्यांनी त्याच्या घामाने डबडबलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"अरे, तू सकाळपासून काही खाल्लंयस का?" त्या म्हणाल्या. "जा आधी, खाऊन ये. मी आहे इथे."

तो दालनात जाऊन बसला, ताटात वाढून घेतलं आणि चौथ्या घासाला त्याच्या लक्षात आलं की सासूबाईंनी आपल्याला 'तू' म्हटलं. त्याने सगळं ताट चाटूनपुसून खाल्लं.

संध्याकाळपर्यंत तो दोघींमध्ये येरझाऱ्या घालत राहिला. मेट्रनबाई झोपल्या झोपल्या सूचना देत. पाणी कोमट घे, आधी मान पूस, मग काखा, उलट नाही. भिंगरीला त्याने दुसऱ्या मोठ्या बादलीत बसवून आंघोळ घातली. तलावात जायला मिळालं नाही म्हणून तिने सगळी भरपाई त्या बादलीतच केली आणि बाप नखशिखांत भिजला. मेट्रनबाई हसल्या, आणि हसल्यामुळे पुन्हा मळमळलं म्हणून त्याच्यावर रागावल्या. त्या उठून बसल्या तेव्हा मात्र त्यांनी एक गोष्ट बोलून दाखवली, जी कदाचित उभ्याने बोलल्या नसत्या. वॉर्डात किती मुलं झोपवली, पण स्वतःची लेक शेजारणीने झोपवली, मला रात्रपाळी असायची, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुझं काम असंच राहणार. तेव्हा मिळेल तेवढं झोपवून घे हिला."

तिसऱ्या दिवशी लाटा बसल्या. नुसता एक लांबलचक, आळसावलेला हेलकावा उरला होता. दुपारी मेट्रनबाई केबिनच्या दारात खुर्ची टाकून बसल्या, अंगात अजून ताकद आली नव्हती. समोर लांबच लांब बोळ, त्यावर निळा गालिचा. पलीकडे केबिन आवरणारा आपल्या ढकलगाडीशी टॉवेल रचत होता. मिस्त्री कमरेत वाकून भिंगरीला आपलं बोट धरून चालवत होता. घरी तिने कधी आपणहून बोट सोडलं नव्हतं. कुणी सोडवलं की लगेच ती बसायची.

तेवढ्यात बोट कलली. सावकाश, एखादं दार आपोआप उघडावं तशी. बोळाला उतार आला, भिंगरीचा तोल पुढे गेला, आणि बापाचं बोट मुठीतून निसटलं. ती पडली नाही. उताराने तिचा एक पाय पुढे नेला, मग दुसरा. हात दोन्हीकडे पसरलेले, तोंडाचा चंबू. एक, दोन, तीन, चार, पाच. मग बोट परत दुसरीकडे वळली आणि ती थप्पकन गालिच्यावर बसली. बसून तिने मागे वळून बापाकडे पाहिलं, की हे कोणी केलं?

मिस्त्री गुडघ्यांवर बसला. मेट्रनबाई, ज्यांना धड उभं राहता येत नव्हतं, त्या चालत येऊन भिंगरीजवळ खाली बसल्या. ढकलगाडीशी तो उंच माणूस दोन टॉवेल छातीशी धरून उभा होता.

"माझी मुलगी मार्चमध्ये चालली," तो म्हणाला. "बायकोने फोनवर दाखवलं. छान दाखवलं तिने. पण मी इथेच, ह्याच बोळात होतो."

एवढं बोलून तो कामाला लागला. निरोप आत्ताच लिहून ठेवू, उद्या बंदराला लागलो की रेंज येईल, पहिल्यांदा हेच कळवू, म्हणून मिस्त्रीचा हात फोनकडे गेला होता, तो तिथेच थांबला. त्याने सासूकडे पाहिलं. सासूने त्याच्याकडे पाहिलं. लेक ह्या घडीला टेबलाशी बसून औषधांची नावं घोकत असेल. तेरा महिने जिने ह्या पोरीला वाढवलं, बोट धरून उभं राहायला शिकवलं, ती.

"सांगायचंच नाही," मिस्त्री म्हणाला. "तिच्यासमोर चालेल ते पहिलं."

मेट्रनबाईंनी बराच वेळ विचार केला. आपल्याला खोटं बोलता येत नाही, त्या म्हणाल्या. पण कुणी विचारल्याशिवाय सांगायचं, असाही काही नियम नाही. झालं, अळीमिळी गुपचिळी. उरलेला दीड दिवस दोघांनी बोळात पहारा दिला. भिंगरी आणखी चार वेळा चालली, एकदा तर अकरा पावलं.

घरी परतले तर लेक दारातच. तिने भिंगरीला असं कवटाळलं की पोर गुदमरली. पेपर चांगले गेले होते. मेट्रनबाई चार दिवस राहणार होत्या. दोघांनी मनात धरलं होतं की संध्याकाळपर्यंत काम होईल.

आणि भिंगरी चालेना. घरची फरशी हलत नव्हती, कलत नव्हती, पुढे ढकलत नव्हती. तिने तिच्यावर उभं राहून बघितलं, दोन्हीकडे डुलली आणि बसून सरळ रांगायला लागली. दुसरा दिवस तसाच. मिस्त्री कामावरून लवकर यायला लागला. बायको स्वयंपाकघरात आहे असं बघून तो पोरीला उभी करी, आणि सासू दारात उभी राहून खुणा करी. पोर दोघांकडे आळीपाळीने बघे आणि बसे. नाकी नऊ आले. तिसऱ्या दिवशी मेट्रनबाई हळूच म्हणाल्या, तिला विसर तर पडला नसेल? मिस्त्रीलाही तीच धास्ती होती.

चौथ्या दिवशी सकाळी लेक खाली बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. भिंगरी खुर्चीला धरून उभी होती. तिने खुर्ची सोडली आणि कपड्यांच्या ढिगाकडे, म्हणजे आईकडे, सात पावलं चालत गेली. शेवटच्या पावलाला ती ढिगात तोंडावर पडली. लेक इतकी मोठ्याने ओरडली की मिस्त्री दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आला. मग ओरडणं थांबून ती हुंदके द्यायला लागली, पोरीच्या पायांचे मुके घेत. मिस्त्रीने मोठे डोळे केले, टाळ्या वाजवल्या, 'अगं बाई, चालली की' असं स्वतःला न शोभणारं काहीतरी म्हणाला. मेट्रनबाई कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या.

पण दिवसभर मिस्त्रीला काम सुचेना. लिफ्टचा एक दोर तपासताना त्याने तोच आकडा तीनदा लिहिला. बायको इतकी रडली होती आणि आपण समोर उभं राहून नाटक केलं, हे त्याच्या पोटात राहिना. संध्याकाळी मेट्रनबाईंना बसमध्ये बसवून आला. खिडकीतून त्यांनी त्याला वेळेवर जेवत जा असं बजावलं होतं. घरी आल्याबरोबर, चपला काढायच्या आधी, त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. बोळ, हेलकावा, पाच पावलं, सगळं.

ती भिंगरीला भात भरवत होती. तिने चमचा खाली ठेवला नाही.

"मला माहितीय," ती म्हणाली. "आईने आल्याच दिवशी सांगितलं. मी विचारलं, तिथे चालायचा प्रयत्न केला का, आणि तिला खोटं बोलता येतंय होय? पण म्हणाली, त्याला कळू देऊ नकोस. फार कष्ट घेतलेत त्याने, जिने चढून चढून."

मिस्त्री एक चप्पल पायात, एक हातात, असा उभा राहिला.

"मग सकाळी एवढी रडलीस ती?"

"ऐकलं होतं. पाहिलं कुठे होतं?"

तिने भिंगरीचं तोंड पुसलं आणि तिला फरशीवर सोडलं. मग म्हणाली, आता नीट सांग. आईचं सांगणं म्हणजे तापाचा तक्ता, एका ओळीत संपलं. कुठल्या बाजूला कलली बोट, तू कुठे उभा होतास, आधी कुठला पाय टाकला? मिस्त्रीने चप्पल ठेवली, टेबल बाजूला सरकवलं, दाराला केबिन ठरवलं आणि भिंतीपासून खिडकीपर्यंत हात पसरून, तोंडाचा चंबू करून, डुलत डुलत चालून दाखवायला लागला. भिंगरी त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग टेबलाचा पाय धरून उठली आणि त्याच्या मागून निघाली.